दुखत नव्हती ती गाठ

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना त्यांचे विद्यार्थी आपसांत ब्रेकबाई म्हणायचे. त्यांच्या लाल गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटपुढे एक जादा ब्रेक होता आणि त्यावर त्यांचा पाय कायम तयार असे. आवाज मात्र त्या कधी चढवत नसत. स्टिअरिंग हातात घेताच ज्यांची पाचावर धारण बसते अशी माणसं मुद्दाम त्यांच्याकडे येत. चौकात गाडी बंद पडली आणि मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला की त्या शांतपणे म्हणत, "वाजवू द्या. आपण आपली गाडी चालू करू."

ती गाठ त्यांना सीट बेल्ट लावताना हाताला लागली. मानेच्या बुडाशी, पट्टा जिथे घासतो तिथेच. रबरासारखी, बोटाखाली जराशी सरकणारी. पट्ट्यानेच झाली असेल म्हणून त्यांनी पट्ट्याला मऊ कापड गुंडाळलं. दाबली तरी ती दुखेना, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. त्यांच्या दिराला मूतखडा झाला होता तेव्हा तो धडधाकट माणूस फरशीवर गडाबडा लोळला होता. खरा आजार असा बोंबलत येतो, अशी त्यांची समजूत होती.

मग अंगाला खाज सुटू लागली. पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. त्यांचे यजमान वॉशिंग मशिन दुरुस्त करायचे. त्यांनी लगेच ताडलं, की हा कपड्यांत राहणाऱ्या पावडरीचा प्रताप. एका रविवारी त्यांनी घरचं मशिन उघडलं, ड्रम बाहेर काढला आणि त्यामागे चिकटलेला राखाडी थर बायकोला दाखवला. "हे बघ, सापडलं," ते म्हणाले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता. बाईंनाही दोन दिवस खाज कमी झाल्यासारखी वाटली.

रात्री घामाने गाऊन भिजायचा, तो त्यांनी वयावर ढकलला. मैत्रिणींनाही होत होतं तसं. वजन उतरलं, त्याचं तर कौतुकच झालं. थोरल्या बहिणीने फोनवर विचारलं, काय खातेस ते सांग की, एकटीच बारीक होणार आहेस का? लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने आईला आपला निळा ड्रेस घालायला लावला आणि फोटो काढला. जिना चढताना दम लागायचा, पण निळ्या ड्रेसमध्ये बाई खरंच छान दिसत होत्या.

शेवटी खाजेपायी त्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेल्या. जाता जाता गाठही दाखवली. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी धरून गोळ्या दिल्या आणि आश्चर्य म्हणजे गाठ बसली. खाज थांबली, भूक लागली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या गोळ्यांत स्टेरॉइड होतं आणि त्याने अशी गाठ थोडे दिवस दबते, हे त्यांना फार उशिरा कळलं. गोळ्या संपल्या तशी ती परत आली. आता ती आरशात लांबूनही दिसत होती आणि काखेत दुसरी होती.

मोठ्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासला. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, तोही झपाट्याने वाढणारा. यजमानांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, की मग गोळ्यांनी गाठ कमी कशी झाली, आणि ती दुखत का नव्हती. ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाहीच, त्या म्हणाल्या. वेगाने वाढतो तो पुष्कळदा औषधाला दादही चांगली देतो, असंही त्यांनी सांगितलं. घरच्यांनी तेवढंच एक वाक्य उचललं आणि येईल त्याला ते ऐकवू लागले.

आजाराने औषधाला दाद दिली. केस गेले, तोंड सोललं, पाण्याचीही चव लोखंडासारखी लागू लागली. शेजारच्या बाई चौकशीला येत, पण दारातूनच बोलत. त्यांना वाटे हे लागतं. ब्रेकबाई त्यांना म्हणाल्या, "या हो आत. हे लागत असतं तर मी आधी यांना दिलं असतं." शेजारीण हसली, पण आत आली नाही.

पुढे तपासणीत काहीच उरलेलं दिसलं नाही. डोक्यावर बारीक करडे केस आले, आणि त्या पुन्हा लाल गाडीत बसल्या. आता घरात उलटं झालं होतं. कुणी शिंकलं तरी लेकीचं धाबं दणाणायचं. बाई स्वतः रोज आंघोळीत मान, काख, जांघ चाचपत. कुठेच काही हाताला लागत नव्हतं, म्हणून त्या निश्चिंत होत.

एका दुपारी शिकवताना त्यांना रस्त्यावरचा पांढरा पट्टा दुहेरी दिसला. त्यांनी विद्यार्थिनीला गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि तिथूनच चष्म्याच्या दुकानात गेल्या. नवा नंबर निघाला, नवा चष्मा आला. तरी पट्टे दोनच राहिले. पुढे ओठाचा एक कोपरा उतरला, तेव्हा यजमान त्यांना पुन्हा मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. आजार आता मेंदूत पोचला होता. तिथे हाताला काय लागणार?

दुसरं औषध सुरू झालं आणि बंद करावं लागलं. मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून सांगितलं, की आता त्रास कमी ठेवण्यापुरतंच करता येईल. लेकीने विचारलं, आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, कदाचित फरक पडला असता, कदाचित नाही. या उत्तराने कुणाचंच समाधान झालं नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात लेक बापावर तुटून पडली. "तुम्ही मशिन धूत बसलात बाबा. तिला डॉक्टरकडे न्यायचं सोडून मशिन धुतलंत." ते ओट्याला टेकून उभे राहिले. आतल्या खोलीतून बाईंनी लेकीला हाक मारली. जीभ जड झाली होती, म्हणून त्या सावकाश बोलल्या.

"त्यांना जे येतं ते त्यांनी केलं. मला बारीक झालेलं आवडलं होतं, तुलाही आवडलं होतं. आता कुणाकुणाला बोलशील?"

लेक पलंगाच्या कडेला बसून रडली. बाईंना तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. तो उशीवरच घुटमळला.

नंतरचे दिवस त्या बहुतेक झोपूनच असत. यजमान कामं सकाळीच उरकून घरी येत आणि खुर्ची घेऊन शेजारी बसत. एकदा दुपारी डोळे उघडून बाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?"

"अगं, मी," ते म्हणाले.

"दार लावून घ्या हो. वारा येतोय."

दार लावलेलंच होतं. ते उठले, त्यांनी दार उघडून पुन्हा लावलं, कडीचा आवाज होईल असं. "लावलं," ते म्हणाले. पण तोवर बाईंना झोप लागली होती. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

लाल गाडी दुसऱ्या शिकवणाऱ्याने घेतली. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. ती बापाला दर रविवारी फोन करते. दोघं जेवणाखाणाचं विचारतात, आणि मग थोडा वेळ दोन्हीकडून फोन नुसता धरलेला असतो.