पेंढ्याचं रेडकू

मी दूध सोडलं ते चिंचपोकळीच्या एका तबेल्यामुळे. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून भैयाने ते म्हशीपुढे उभं केलं होतं. ती ते चाटत होती, पान्हा सोडत होती आणि खाली बादली भरत होती. मी रिकामा लोटा घेऊनच घरी आलो. त्या दिवसापासून मासळी, मटण, चामड्याच्या चपला, सगळं बंद. कोकणातल्या माणसाने सुकट सोडली म्हटल्यावर चाळीत माझं हसं झालं. मला मात्र मनातून गर्वच वाटायचा.

तो उतरवायला मिल होतीच. मी सायझिंग खात्यात होतो, सुताला लावायची खळ शिजवायचो. तिच्यात जनावराची चरबी पडायची. माझा जोडीदार म्हणायचा, "सकाळपासून चरबी ढवळतोस आणि च्यात दूध नको? कसला रे तू साधू?" मी त्याच्यावर भडकायचो. नोकरी सोडून खाणार काय? शेजारच्या मिलमध्ये तरी वेगळं काय शिजत होतं? माझ्या अंगातला सदराही त्याच खळीतून निघालेला. आमचे शेठ म्हणे कांदासुद्धा खात नसत.

अशात बायकोला विषमज्वर झाला आणि तिचं अंगावरचं दूध आटलं. मुलगी तीन महिन्यांची. मी हट्टाने तिला पेजेची निवळ पाजत राहिलो. आमचं अख्खं घर पेजेवर वाढलं, हिला काय होतंय, असं सगळ्यांना ऐकवत होतो. तीन दिवसांत तिचा आवाज बसला. चौथ्या दिवशी ती रडायचीच थांबली.

तो संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाचा दिवस होता. दुकानं बंद, दुधाचं केंद्र बंद, लालबागच्या रस्त्यावर दगडांचा खच. बायको खाटेवरून एवढंच म्हणाली, "अहो, तुमचं व्रत तुमच्यापाशी ठेवा. माझी पोर मारू नका."

मी लोटा उचलून अनवाणी धावत सुटलो. उघडा होता तो फक्त तो तबेला. म्हैस तीच की दुसरी, ते मी पाहिलं नाही. रेडकू मात्र तेच होतं, पोटाची शिवण उसवलेलं. भैयाने दिलं तेवढं दूध घेऊन मी मागे न बघता परतलो.

चमच्या-चमच्याने पाजलं. संध्याकाळी मुलगी रडली. तो आवाज ऐकून मला इतका आनंद झाला की स्वतःची शिसारी आली. तीन दिवस मी तिला माझ्या चांगुलपणापायी उपाशी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तबेल्यात गेलो. म्हैस त्या पेंढ्याला चाटत होती. या वेळी मी नजर वळवली नाही. लोटा पुढे केला आणि म्हणालो, "भैया, आज थोडा ज्यादा दे."