एक गाव, एक ठिपका

नकाशात चूक सापडली की सम्राट साळवेला जेवणाची शुद्ध राहत नसे. नागापूरच्या कारखान्यात त्याने आठ वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढल्या. मग कॉम्प्युटर आले आणि रेघा ओढणारे घरी बसले. हा पठ्ठ्या मात्र कॉम्प्युटर शिकला आणि सावेडीत काकासाहेबांच्या गाळ्यात नोकरीला लागला. तिथलं काम म्हणजे एका प्रोग्रामचा नकाशा दुसऱ्याला वाचता येईल असा करून द्यायचा. या फायलींचं आपसात भाऊबंदकीसारखं, एकीचं दुसरीशी पटत म्हणून नसे. सम्राट ते जमवून द्यायचा.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका संस्थेचं काम आलं. त्यांची लसीकरणाची जीप खेडोपाडी फिरायची. वाटा तोंडपाठ असलेला जुना ड्रायव्हर निवृत्त झाला होता, आणि उपग्रहावरून वाट दाखवणारं तळहाताएवढं यंत्र कुणीतरी देणगी म्हणून दिलं होतं. नकाशात ठिकाणं सातशे वीस. यंत्रात मावायची पाचशे. काकासाहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पाहिजे."

सम्राटने पाहिलं, कित्येक गावांच्या एकाच क्रमांकाखाली दोन-दोन, तीन-तीन ठिपके होते. उगाच कशाला? त्याने कॉम्प्युटरला हुकूम सोडला: एका गावाला एकच ठिपका, यादीत पहिला असेल तो. चारशे नव्वद उरले. काकासाहेबांनी पाठ थोपटली, स्वारी खूश.

दोन महिन्यांनी निरोप आला, बहिणीची, अश्विनीची, दहा महिन्यांची पोर गोवराने फणफणली आहे. सम्राट मिळेल त्या एसटीने आपल्या गावी, पिंपळदऱ्याला पोचला. आई, चांगुणाबाई, नातीला मांडीवर घेऊन कपाळावर ओलं फडकं ठेवत होत्या. पोर डोळे उघडत नव्हती.

"लस न्हवती दिली?" तो ओरडलाच.

"कुठून देनार?" चांगुणाबाई म्हणाल्या. "आमी समद्या बाया विहारापाशी दुपारपतूर बसलो. जीप गावात टोचून माघारी गेली."

सम्राटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या ड्रायव्हरला आता..."

"सूर्यभानला कशाला बोलतो? नवा मानूस. परवा आल्ता, रडकुंडीला आला बिचारा. यंत्र दावलं त्यानं. पिंपळदऱ्याचं एकच टिंब, गावातल्या शाळेपाशी. वड्यापल्याड आपली वस्ती हाय हे त्याला काय ठावं? आन् गावातल्या कुनाला सांगायचं सुचलं न्हाई."

सम्राटला ती यादी आठवली. यादीत पहिला ठिपका नेहमी गावठाणाचा असतो. दुसरा वस्तीचा, ओढ्यापलीकडचा. हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपणच. दोनशे तीस ठिपके गाळले होते, आणि त्यांतला एकही त्याने उघडून पाहिला नव्हता.

"टिंब खोडनारा त्या गाववाल्यांतलाच कुनीतरी असंल," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मी खोडलं, आई."

फडक्याचा हात थांबला.

"तू?" त्या म्हणाल्या. "त्यांना आपलं दुखनं म्हाईत न्हाई म्हनून आजवर सोसलं रं. तुला तर म्हाईत हुतं."