चिंचोक्याएवढी बयाबाई

"आणि उजव्या नाकपुडीत नथ घालतंय कोण?" कुतुबुद्दीननं चांदीचं लॉकेट परातीतल्या पिठाशेजारी ठेवलं. "डोळं गेल्यात तुझं. कबूल कर की एकदा."

"डोळं गेलं असतं तर तुमच्या शर्टाची बटणं कुणी लावली असती?" रोशनबी म्हणाली. कणीक मळणारा हात तिनं थांबवला नाही.

बराच वेळ हेच चाललं होतं. फोटोच्या दुकानावर आपलं नाव आहे, असं तो म्हणत होता. नाव तुमचं असलं तरी लॉकेटातले चेहरे माझ्या हातचे आहेत, असं ती म्हणत होती. मधूनच बाजेवरून बिबीजान, तिची सासू, मोरीचा विषय काढत होती. रोशनबीचं फोटो छापायचं काम सुरू झालं की मोरीच्या खिडकीला वाकळ, आत लाल दिवा आणि दाराला कडी. मग म्हातारीनं नमाजाआधी हातपाय कुठं धुवायचे? शेवटी कुतुबुद्दीननं निकाल देऊन टाकला. ईद झाली की लॉकेटचं काम बंद. हुपरीच्या चांदीवाल्यांना तो तसं सांगणार होता.

तेव्हा मात्र रोशनबीचा हात थांबला.

लग्न होऊन ती आली तेव्हा कुतुबुद्दीनचा स्टुडिओ गंगावेशीत नुकता सुरू झाला होता. फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशनं बुजवायचं काम त्यानं गंमत म्हणून तिला दिलं, आणि तिचा हात बघून ते तिच्याकडंच सोपवलं. पुढं हुपरीच्या एका चांदीवाल्यानं विचारलं, लॉकेटात बसेल एवढा फोटो होईल का? हे काय आपलं काम नव्हे, असं तो म्हणाला. ती म्हणाली, आणा इकडं. तेव्हापासून आलेला फोटो भिंतीला लावून तो लांबून कॅमेऱ्यात धरायचा, म्हणजे फिल्मवर चेहरा चिंचोक्याएवढा यायचा. पुढचं सगळं तिचं. फिल्मचा तुकडा कागदावर ठेवून वर काच दाबायची, उजेड दाखवायचा, कागद औषधात बुडवायचा, वाळला की बारक्या कात्रीनं गोल कापायचा, आणि दोन केसांच्या ब्रशनं कपाळावर कुंकू टेकवायचं. स्वतःच्या कपाळाला कधी न लावलेलं कुंकू तिनं जिल्हाभरच्या बायकांना लावलं होतं. पण घरची सून दुकानात बसायची नाही, हे ठरलेलंच होतं. म्हणून मोरी.

हे उजव्या नथीचं लॉकेट ज्यांचं होतं त्या दोघी बाहेर सोप्यात बसून सगळं ऐकत होत्या. दुरुस्त झाल्याशिवाय हलायचंच नाही म्हणाल्या, म्हणून कुतुबुद्दीननं त्यांना घरी आणलं होतं. एक बिद्रीकडच्या चिमणाबाई, दुसरी त्यांची नवी सून तानाबाई. चिमणाबाईंच्या लेकाची पहिली बायको, बयाबाई, तापानं गेली होती. दुसरीनं पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, सणावाराला तो देवाजवळ ठेवून पुजायचा, ही त्यांच्याकडची रीत. टाकावर ठोकलेला चेहरा कुणाचाही असू शकतो. चिमणाबाईंना आपल्या सुनेचाच हवा होता, म्हणून टाकाऐवजी हे लॉकेट. बयाबाईचा फोटो एकच होता, भावकीतल्या लग्नातला, त्यातही ती कडेला उभी राहिलेली.

चिमणाबाई उंबऱ्यात आल्या. "भाबी, राग मानू नगा. पर ही आमची बया न्हवं. नाक तिचं, डोळं तिचं, आणि तरीबी दुसरीच कोणतरी बघायली असं वाटतंय. असलीला पुजून काय करायचं हिनं?"

रोशनबीनं हात धुतले आणि लॉकेट दारातल्या उजेडात धरलं. नथ उजवीकडं होती. पदरसुद्धा डाव्या खांद्याऐवजी उजव्या खांद्यावर गेला होता. तिला सगळं आठवलं.

"डोळं न्हाईत गेलं," ती म्हणाली. "फिल्म उलटी पडली माझ्याकडनं. रोजा होता."

कुणालाच काही कळेना, तेव्हा तिनं सांगितलं. फिल्मच्या एका बाजूला औषधाचा थर असतो, ती बाजू कागदावर यावी लागते. एवढ्याशा तुकड्याची बाजू लाल दिव्यात ओळखू येत नाही. म्हणून ती तुकडा खालच्या ओठाला लावून बघायची. औषधाची बाजू ओठाला चिकटते. पण रमजानच्या पहिल्याच दिवशी अम्मांनी हटकलं होतं, रोजात तोंडाला काय लावतीस म्हणून. तिलाही ते पटलं होतं. मग तिनं अंदाजानं फिल्म ठेवली, आणि बयाबाई उलटी झाली.

बाजेवर बिबीजानच्या बोटांतले तसबीहचे मणी थांबले.

कुतुबुद्दीन म्हणाला, मग ईदपर्यंत थांबा. चिमणाबाई म्हणाल्या, कसं थांबू? चौऱ्याहत्तर साल ते. रमजान संपायच्या आतच घट बसत होते, आणि घटाजवळ बया हवी होती.

तानाबाई सासूच्या मागं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "माझ्या ओठाला लावा की," ती म्हणाली. "मला कुठं रोजा हाय?"

"अगं, सवतीला ओठाला लावणार व्हय?" चिमणाबाई दचकल्या.

"गळ्यात घालायचीच हाय की."

रोशनबीनं तिला मोरीत घेतलं, वाकळ ओढली, कडी घातली. लाल उजेडात तानाबाईनं शहाण्या पोरीसारखं तोंड पुढं केलं. फिल्मचा तुकडा तिच्या ओठाला टेकला.

"चिकटली," ती ओठ न हलवता पुटपुटली.

काच दाबून झाली, उजेड दाखवून झाला. कागद औषधात बुडाला तशी तानाबाई वाकून बघू लागली. आधी पदराची कड आली, मग भुवया, मग नथ, डाव्या नाकपुडीत. आणि मग ते तोंड, किंचित खाली घातलेलं.

"घरात जिकडं बघावं तिकडं हिचीच भांडी, हिचीच चूल," तानाबाई हळूच म्हणाली. "वाटायचं, लई रागीट असंल. रात्री दिवा मालवला की भ्या वाटायचं. ही तर फोटोवाल्याला बघून लाजलीया."

रोशनबी भांड्यातल्या चेहऱ्याकडं न बघता तिच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं लॉकेटं फडक्यात बांधून आली आणि फडक्यातच परत गेली. ती कुणाच्या गळ्यात पडतात, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

कागद वाळला, कुंकू टेकलं, चेहरा चांदीत बसला. चिमणाबाईंनी लॉकेट लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, आणि पदरानं डोळे पुसले. "आली," एवढंच म्हणाल्या. सुनेच्या मुठीत लॉकेट देऊन त्या एस.टी. गाठायला उठल्या, दारात मात्र कुतुबुद्दीनकडं वळल्या. "आमच्या भावकीत अशा दुसरेपणाच्या अजून दोघी हायत, मास्तर. त्यास्नी कुठं पाठवू? दुकानात का मोरीत?"

कुतुबुद्दीन हसला नाही. तानाबाई हसली.

संध्याकाळी अजान झाली. खजुराची ताटली बिबीजाननं आधी सुनेपुढं सरकवली, मग लेकापुढं. रोशनबीनं खजूर खाल्ला, पाणी प्यायली, पेला खाली ठेवला.

"उद्यापासनं मी दुकानात काम करणार," ती म्हणाली. "तिथली अंधारी खोली सकाळची रिकामीच असती. लॉकेटवाल्या बाया माझ्यासमोर बसतील. अम्मा, मोरी तुमची. आणि ईदनंतर काम बंद होणार न्हाई, चांदीवाल्यांना तेवढं सांगा."