कवळीवाल्याचं हेलिकॉप्टर

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते या कवळीवाल्याला विचारावं. अर्धं शहर त्याने बनवलेल्या कवळ्यांनी जेवायचं आणि सासऱ्यांनी मात्र आपली कवळी परक्याकडून करून घेतली. सासरे लष्करात हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते. लेकीने दात बनवणारा नवरा केला, हे त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. भांडण असं नव्हतं, पण जावयाशी बोलणं 'या, बसा'च्या पुढे जात नसे. जावयाला ते फार लागायचं.

म्हाताऱ्याच्या तोंडून एकदा तरी 'छान' ऐकायचंच, असा हट्ट धरून त्याने सासरे लष्करात सांभाळायचे ते जुनं हेलिकॉप्टर हातभर लांबीचं बनवायला घेतलं. नमुन्याला एकच फोटो, आकाशात उडतानाचा. कवळीच्या बिनरंगी प्लॅस्टिकमधून वैमानिक बसतो तो पुढचा काचेचा फुगा घडवला, वाकडे दात सरळ करायच्या तारेतून शेपटीचा सांगाडा जोडला, दोन्ही अंगांना जखमींची स्ट्रेचरं लावली. बायको म्हणाली, एवढे लाड माझे झाले असते तर सोनं झालं असतं. पण काम पुरं होताच वडिलांना त्याच्या कामाच्या खोलीत ओढून आणलं ते तिनेच.

सासऱ्यांनी चहूबाजूंनी निरखलं. माथ्यावरच्या तिन्ही प्लॅस्टिकच्या पात्यांवरून बोट फिरवलं आणि नकारार्थी मान हलवली.

"पाती इतकी ताठ फक्त उडताना असतात," ते म्हणाले. "जमिनीवर टेकून थांबलं की टोकं खाली झुकतात. मी कायम जमिनीवरच असायचो. ती झुकलेली बघेपर्यंत घास गिळवत नसे मला. एकदा ते परतलंच नाही, वाटच बघत राहिलो."

जावयाने मेण वितळवायचा दिवा पेटवला, एकेका पात्याला ऊब दिली आणि हलक्या हाताने टोक वाकवलं. सासरे शेजारी उभं राहून 'अजून', 'बास' सांगत होते.

तिसरं पातं झुकलं तसे ते स्टूल ओढून बसले. 'छान' काही म्हणाले नाहीत. पाठ फिरवून तोंडाशी खटपट केली आणि रुमालात गुंडाळलेली कवळी जावयापुढे ठेवली.

"हीसुद्धा बघा जरा," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "पहिल्या दिवसापासून टोचतेय."