एल्डनची शेवटची काळोखी जागा

एल्डन प्रूइटने तेहतीस वर्षं ग्रेडर चालवून आमच्या काउंटीचे कच्चे रस्ते सपाट केले. निवृत्त झाला, त्याच वर्षी त्याची बायको रूथ गेली, आणि मग त्याच रस्त्यांवर तो रात्रीचा अंधार शोधत हिंडू लागला. म्हणायला तारे बघायला. खरं कारण असं की दिवेलागणीनंतर त्याला घरात बसवत नसे. माझं सॉल्ट फोर्कमध्ये टायरचं दुकान. त्याच्या या नादाचा फायदा झाला तो फक्त मला, कारण दगडांवरून गाडी घालून तो महिन्याला एक तरी टायर फाडून आणायचा.

"लोक उजेडाकडे जातात, तू उलटा पळतोस," मी म्हणायचो.

"एकदा ये तर खरा. हात वर धरलास तर ताऱ्यांमध्ये हाताच्या आकाराचं भोक दिसतं. तसं दिसलं, तर जागा चांगली."

बारा वर्षं तो बोलावत होता आणि मी टाळत होतो. कधी पाठ दुखायची, कधी टीव्हीवर मॅच असायची. खोटं कशाला बोलू, त्याच्याबरोबर तीन तास गप्प बसायचं मला जिवावर यायचं.

सुरुवातीला त्याच्याकडे अशा नऊ जागा होत्या. खाणीने दिवे लावले, हायवेवर ट्रकवाल्यांचा थांबा झाला, आणि चार जागा गेल्या. मग त्याचे डोळे अधू झाले. रात्री पंधरा मैलांपलीकडे गाडी न्यायची नाही, असं लायसन्सवरच लिहून आलं आणि आणखी चार गेल्या. उरली एक, बीसली रँचच्या मागची टेकडी.

ऑक्टोबरात एका सकाळी तो दुकानात आला. चारही टायर धड होते.

"संपलं," तो म्हणाला. "लावॉन बीसलीनं अंगणात खांब रोवून दिवा लावलाय. पांढराफटक. टेकडीवर पेपर वाचता येतो."

स्टुलावर बसला तो उठेचना. त्याचं एवढंसं झालेलं तोंड मला बघवेना. "चल, तिलाच सांगू," मी म्हटलं आणि संध्याकाळी माझ्या गाडीतून त्याला घेऊन गेलो.

लावॉन दोन वर्षांपूर्वी विधवा झालेली, एकटीच गुरं सांभाळते. तिने आम्हाला कॉफी दिली. दाराशी बंदूक टेकवलेली होती.

"दिवा का लावला विचारताय?" ती म्हणाली. "गुरं चोरणारे फिरतायत. उन्हाळ्यापासून बघतेय. आठवड्यातून तीनदा एक पिकअप येतो, दिवे बंद करून. तास तास टेकडीवर उभा असतो. माझ्या गाई हेरतोय मेला."

एल्डनने कप खाली ठेवला. "मॅम, तो मी."

लावॉनने त्याच्याकडे मान वळवली.

"दिवे बंद करून?"

"डोळ्यांना अंधार सरावायला अर्धा तास लागतो. उजेड पडला की सगळं पाण्यात. रस्ता मला पाठ आहे, तीस वर्षं मीच सपाट केलाय."

"एल्डन प्रूइट!" ती उभी राहिली. "चार महिने मी या खुर्चीत झोपतेय. बंदूक मांडीवर घेऊन. दार ठोठावून सांगायला काय धाड भरली होती तुला?"

"सुचलंच नाही, मॅम. कुठे जातो, कधी येतो, हे कुणाला सांगायची सवयच राहिली नाही."

हे ऐकून ती खाली बसली. बाई न्यायाची. म्हणाली, "आलायस तर जा आज. तासभर बंद करते दिवा."

आम्ही टेकडीवर गेलो. खालचा दिवा विझला. अर्ध्या तासाने मी हात वर धरला आणि बारा वर्षांचा मला राग आला, माझाच. डोंगरापासून डोंगरापर्यंत तारे सांडले होते. मी काहीतरी बडबडत वळलो, तर एल्डन वर बघतच नव्हता. खाली काळ्या घराकडे बघत होता.

"खुर्चीत बसली असेल," तो म्हणाला.

"अरे, आता तिला माहीत आहे तो तू होतास."

"माहीत असून भीती जाते होय? रूथ गेली तेव्हा वर्षभर मी स्वयंपाकघरातला दिवा रात्री विझवला नाही. चोर नव्हता, काही नव्हतं." आम्ही येतोय हे तिला कळावं म्हणून त्याने माझ्या गाडीत हात घालून हेडलाइट लावले, हॉर्न दाबला. "चल खाली."

लावॉनने दार उघडलं. अंगावर पांघरूण होतं आणि बंदूक हातात होती.

"तास कुठे झालाय?" ती म्हणाली.

"झालं बघून, मॅम. दिवा लावा. आणि माझ्यासाठी पुन्हा विझवू नका."

तिने बटण दाबलं. अंगण पांढरं झालं. "आभारी आहे," ती हळूच म्हणाली, आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.

आम्ही अकरा मैल परत आलो. एल्डनच्या घरापाशी गाडी थांबवली, तरी तो उतरेना.

"उद्या संध्याकाळी काय करू रे?" त्याने विचारलं.

मी इंजिन बंद केलं आणि त्याच्याबरोबर तसाच बसून राहिलो.