डॉक्टरचा आवाज आन् कुत्र्याचा गुडघा

कुत्र्याची गोष्ट म्हणलं का तुम्हाला वाटतं, आता चोर येणार, कुत्रं त्याची ढुंगणाची चड्डी फाडणार, मालक त्याला मिठी मारणार. न्हाई. आमच्या कुत्र्यानं आयुष्यात एकाच जनावराचा पाठलाग केला, डुकराचा, आन् त्यात बी ह्याचाच गुडघा गेला. शेवटी मरतो का, तर न्हाई, आधीच सांगून टाकतो. भ्यानं मरायची पाळी माझी आल्ती.

घरात आई, मी आन् तो. गल्लीतल्या चाचाच्या छोटा हत्ती टेम्पोत टाकून त्याला अंबडहून संभाजीनगरला नेला. तिथल्या डॉक्टरनं नडगी धरून पुढं सरकवली, तर खरंच सरकली, ढिल्या ड्रॉवरसारखी. "लिगामेंट तुटलंय," डॉक्टर म्हणले. "आतून जाड दोऱ्यानं गुडघा बांधावा लागेल. आणि नंतर हा घसरला, उडी मारली, दोरा सुटला, की पुन्हा भूल, पुन्हा चिरफाड. कळलं?"

कळलं. पण मला दुसरंच एक लक्षात राह्यलं, डॉक्टरचा आवाज. नाकातून, गाणं म्हणल्यासारखा. प्रत्येक जनावराला म्हणायचे, "हांऽऽ शेट, दाखवा बघू पाय!" शाळेत हेडसरपासून घंटा वाजवणाऱ्या मावशीपर्यंत नकला करताना मी कुणालाच सोडलं न्हाई. हा आवाज तर फुकटात गावला.

ऑपरेशनच्या दिवशी त्याला उपाशी न्यायचं व्हतं. भांड्याचा आवाज झाला का हा शेपूट हलवत उठायचा, म्हणून आईनं चहा बी असा केला, जसं घरात चोरी करून राह्यली. दवाखान्यात मी टेबलापाशी थांबलो. सुई टोचली आन् त्याची जीभ एका बाजूनं बाहेर पडली. मला वाटलं, गेला. मी बाहेर येऊन चाचाच्या गाडीत बसलो. चाचा म्हणले, "अरे, मुंह कायकू उतरा तेरा? चाय पी." चहा अर्धा पँटीवर सांडला.

घरी आणला तवा गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, पाय भादरलेला, टाके काळे. फरशीवर पाय घसरू नये म्हणून आईनं सगळ्या गोधड्या अंथरल्या. शी-शूला न्यायचं तर पोटाखालून टॉवेल घालायचा आन् मागचा भाग उचलून धरायचा. तो थोडा जरी वाकडा झाला तरी मला आत दोरा तुटल्याचा आवाज यायचा. कानाला न्हाई, पोटाला.

आता आमच्या गल्लीत दवाखान्यातून कुणी बी आलं का बघायला जायची रीत हाय. मंग माणूस असो का कुत्रं. संध्याकाळी चार-पाच बाया बिस्किटाचे पुडे घेऊन आल्या.

"अगं बाई, कसा झाला गं हा! डोळे बघ कसे खोल गेले."

"डॉक्टर कसा व्हता रे? चांगला व्हता ना?"

समोर पब्लिक आन् सवाल असा. मी नाक दाबलं, "हांऽऽ शेट, दाखवा बघू पाय!"

बाया खदाखदा हसल्या. तेवढ्यात माझ्या मागून नखांचा खरखर आवाज आला. तो उठला व्हता. नरसाळं भिंतीवर आपटत, डोळे पांढरे करून दाराकडं पळून राह्यला व्हता. गोधडी संपली, फरशी लागली, आन् मागचे दोन्ही पाय फाकले. असा केकाटला का हसणं जागच्या जागी बंद झालं. बाया गपचूप निघून गेल्या. त्यानं ऑपरेशनचा पाय वर धरला तो खाली टेकवलाच न्हाई. मी जवळ गेलो तर माझ्याकडं बघून मुतला.

आईनं डॉक्टरला फोन लावला. ते म्हणले, सकाळी घेऊन या, तोवर हलवू नका. मी त्याच्यापासून लांब बसून राह्यलो. माझा आवाज ऐकून परत पळाला तर?

सकाळी डॉक्टरनं नडगी धरली. मी डोळे मिटले. ती सरकती का, एवढंच डोक्यात व्हतं.

"दोरा शाबूत आहे," डॉक्टर म्हणले. "स्नायू ताणलाय. पळाला कशानं हा?"

मी फरशीकडं बघितलं. चाचा उगं बसतेत का? "साब, ये छोरा आपकी नक्कल उतारा. कुत्ता समझा आपईच घर कू आ गए."

डॉक्टर हसले न्हाईत. "म्हणजे तो मला एवढा घाबरतो, आणि तू मला त्याच्या घरात नेऊन बसवलंस," एवढंच म्हणले आन् हात धुवायला गेले. गाडीत आईनं कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं, आन् सुरू झाली.

"मुडद्या, बाया हसल्या का तुझं पोट भरतं का? रातभर जीव मुठीत धरून बसले मी! मुकं जनावर ते, त्याला काय माहीत तू सोंग करून राह्यला? त्याला तर घर म्हणलं का तेवढीच एक बिनघोर जागा व्हती, तिथं बी तू सुई घेऊन आला! हसू नको! हसून राह्यला का रडून राह्यला? रड, रड. आन् आजपासून हा चालायला लागस्तोर घरात तोंड उघडायचं ते जेवायलाच!"