तांडेलांनी भरलेलं तेल

"परबानू, शिटी वाजता आसा," गाडीतून उतरत तांडेल म्हणाले. "चढार दम नाय. मागसून निळो धूर."

हे आचऱ्याचे तांडेल, साठीला टेकलेले. मासळी मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी होडी विकून टुरिस्ट टॅक्सी घेतली. घर आता त्या एका गाडीवर. इंजिन एक लिटरचं, टर्बो पेट्रोल. मी कुडाळच्या वर्कशॉपमध्ये मॅनेजर. डिलिव्हरीच्या दिवशी मीच त्यांना बजावलं होतं, "टॅक्सी रोज धावणार. इंजिन ऑइल वेळेवर बदला."

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारा छोटा पंखा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. म्हणून एवढंसं इंजिन मोठ्याचा आव आणतं आणि निभावतंही. पण तो दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि त्याला आधार असतो फक्त तेलाच्या पातळ थराचा. थर तुटला की खेळ खलास.

मी हौशी माणूस. गावच्या दशावतारी नाटकात संकासुर करतो, लोकांना हसवणारा राक्षस. त्यामुळे साधं निदानही माझ्याकडून साधेपणाने होत नाही. मी सगळ्या मेकॅनिकना गोळा केलं. टर्बोचा पाइप काढला आणि बोटाने दांडा हलवला. खुळखुळा!

"आता बघा गंमत," असं म्हणत मी खाली वाकलो आणि तेलाचा नट सोडला. डांबरासारखं तेल ट्रेमध्ये ओघळलं. त्यावर टॉर्च धरला. आत बारीक चुरा चमकत होता, मासळीच्या खवल्यांसारखा.

"हे बघा, तांडेलानू! इंजिनात बांगडो गावलो!"

मेकॅनिक खो खो हसले. तांडेल हसले नाहीत.

"म्हणजे काय झाला?"

"टर्बो गेला. हा चुरा इंजिनाच्या बेअरिंगचा. म्हणजे इंजिनही गेलं."

"पण वॉरंटी आसा मां?"

"आहे की!" मी ऐटीत कोल्हापूरच्या वॉरंटी ऑफिसरना फोन लावला. स्पीकरवर. प्रेक्षक जमलेच होते.

"परब, रेकॉर्डमध्ये मधले दोन ऑइल चेंज दिसत नाहीत," साहेब म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत तांडेल फोनवर वाकले. "ते मी घराकडे केलंय, सायबा. दोनीय वेळा टायमार."

"कुठलं ऑइल घातलंत?"

"माझ्या होडयेचा. दोन कॅन उरलेले. बावीस वर्सां होडी त्याच तेलार चलली, एक दिस बंद पडूक नाय. नवे गाडयेक वायट कशाक घालू?"

आता कोणी हसलं नाही. होडीचं डिझेल इंजिन संथ चालतं, त्याला जाड तेल मानवतं. तेच तेल सकाळी थंड इंजिनात टर्बोच्या अरुंद वाटेने वेळेवर पोचत नाही. तेवढा वेळ दांडा जवळजवळ कोरडाच घासतो. रोज थोडा थोडा. घरात होतं त्यातलं सगळ्यात भरवशाचं तेल तांडेलांनी गाडीला घातलं होतं.

"साहेब, त्यांना तेलाच्या जाडीचं, ग्रेडचं काही कळत नाही हो," मी म्हणालो.

"मॅन्युअलमध्ये छापलंय ना! आणि मला सांगा, डिलिव्हरीच्या वेळी ग्रेड समजावली होती का? चेकलिस्टवर तुमची टिक आहे."

मी स्पीकर बंद केला. फोन कानाला लावला. वेळेवर बदला, असं मी सांगितलं होतं. कुठलं तेल घालायचं, ते सांगितलं नव्हतं. त्या दिवशी एकामागून एक चार गाड्या द्यायच्या होत्या. टिक सगळ्यांच्या कागदांवर मारली होती.

"हो सर," मी म्हणालो. "समजावली होती."

तांडेल दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं. थोडा वेळ आठवत राहिले.

"सांगला असतलात तुमी," ते म्हणाले. "माझ्याच ध्यानात रवला नाय. वय झाला मां."

क्लेम नाकारला गेला. नवं इंजिन बसवणं तांडेलांना झेपण्यासारखं नव्हतं. टो करून गाडी आचऱ्याला नेली, ती माडाखाली ताडपत्री घालून उभी आहे. तांडेल पुन्हा समुद्रावर जातात, दुसऱ्याच्या ट्रॉलरवर, मजूर म्हणून. बाजारात भेटले की अजून म्हणतात, "परबानू, तुमचा ऐकूक होया होता."

हल्ली मी गाडी देताना ग्रेडचा नंबर ग्राहकाकडून दोनदा म्हणवून घेतो. त्याला एक मिनिट लागतं.